नाव बदललं, आता कागद बदला

ट्रान्स विद्यार्थ्याला, म्हणजे जन्मतः नोंदवलेल्या लिंगाशी ज्याची स्वतःची ओळख जुळत नाही अशाला, विद्यापीठाची मदत सगळ्यात जास्त कुठं लागते असं कुणी विचारलं, तर मी परीक्षा विभाग सांगेन. समुपदेशन केंद्र हवंच, जाणीवजागृतीची व्याख्यानंही व्हावीत. पण हॉल तिकिटावर एक माणूस आणि बाकावर दुसराच बसलेला असेल, तर त्या व्याख्यानांचा काय उपयोग? माझं नाव आणि लिंग कागदोपत्री बदलून घेण्यात एम.एस्सी.चा बराचसा काळ गेला. तेव्हा काय केलं, कुठं अडलं, कोण धावून आलं ते लिहितोय. आमच्या विद्यापीठातली मुलं विचारतात, बाहेरचीही विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच दळण दळण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं. हे सगळं २०२२-२३ मधलं आहे. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना त्या दिवशी सरकारी पोर्टलवर काय लिहिलंय ते आधी बघा.

मी कराडकडचा. पुण्यात बी.एस्सी. केलं आणि पुढं रसायनशास्त्रात एम.एस्सी.ला आलो. तोवर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सुरू होऊन काही महिने झाले होते, आवाज फुटला होता, ओठांवर मिसरूड यायला लागली होती. वर्गातल्या मुलांना मी स्वतःच सांगून टाकलं होतं. बहुतेकांनी 'बरं, मग आता काय म्हणायचं तुला?' एवढंच विचारलं. दोघांनी बोलणं सोडलं, त्यांचं त्यांना लखलाभ.

पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेत पर्यवेक्षक बाकाशी आले. हॉल तिकीट उचललं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं. फोटो बी.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळचा, दोन वेण्या घातलेला. "बहिणीचा पेपर द्यायला आलास काय रे?" मागून कुणीतरी खुदकन हसलं. मला सीनियर सुपरवायझरकडं नेलं. त्यांनी आधार कार्ड मागितलं, त्यावरही वेण्याच. मग आधीच्या पेपरच्या हजेरीपटावरची सही काढून जुळवली, विभागातून मॅडमना बोलावलं आणि त्यांनी ओळख पटवल्यावर मला जागेवर जाऊ दिलं. गेलेला वेळ काही भरून मिळाला नाही. पर्यवेक्षकांना मी बोल लावत नाही. तोतये बसवण्याचे प्रकार होतात, त्यामुळं फोटो बघणं त्यांचं कामच आहे. पण नियमानं वागणारा माणूसही माझ्यापाशी येऊन अडकणार आणि दर परीक्षेला हेच होणार, हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

संध्याकाळी विभागप्रमुख मॅडमनी लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या. सदर विद्यार्थी आमच्या विभागात शिकत आहे, नावबदलाची प्रक्रिया सुरू आहे, फोटोतील व्यक्ती हीच आहे, परीक्षेस बसू द्यावे. माझा नवा फोटो चिकटवला, निम्मी सही फोटोवर आणि निम्मी कागदावर येईल अशी केली, वर गोल शिक्का मारला. "कागद येतील तेव्हा येतील. तोवर हे हॉल तिकिटाला टाचून ठेव." पुढच्या सगळ्या पेपरांना ते पत्र चाललं. यासाठी त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुठला ठराव केला नाही. कुठल्याही विभागप्रमुखाला उद्या सकाळी करता येईल इतकी ही सोपी गोष्ट आहे.

वर्गातलंही बरंचसं असंच मिटलं. हजेरीला सर नाव घ्यायचे ते बंद करून सगळ्या वर्गाचेच रोल नंबर घ्यायला लागले. माझ्या एकट्याचा नंबर घेतला असता तर सगळे माझ्याकडंच बघत बसले असते. प्रॅक्टिकलच्या जर्नलला पहिल्या पानावर छापील प्रमाणपत्र असतं, 'मिस्टर/मिस' आणि पुढं रिकामी रेघ. मी रेघेवर नवं नाव लिहून जर्नल सहीला दिलं. सर थांबले. "एक्स्टर्नलच्या यादीत जुनं नाव असणार, तो विचारील." मग त्यांनीच कोपऱ्यात पेन्सिलीनं सीट नंबर लिहिला, 'मिस'वर आडवी रेघ मारून शेजारी आद्याक्षरं घातली आणि सही ठोकली. "त्याला मी सांगतो."

स्वच्छतागृहाचा प्रश्न विभागात सुटणारा नव्हता. मुलींच्यात गेलो तर किंकाळी, मुलांच्यात गेलो तर भीती. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर दिव्यांगांसाठीचं एक स्वच्छतागृह होतं, कायम कुलूपबंद. किल्ली तिथल्या सफाईच्या मावशींकडं असायची. मावशींना मी कधीच काही समजावून सांगितलं नाही. त्यांनीच एकदा मला दोन दारांच्या मध्ये घुटमळताना बघितलं आणि किल्ली पुढं केली. "कुणी बोललं तर सांग, मावशीनं दिलीय." मला ती किल्ली मिळाली याचा आनंद आहेच. पण मावशी रजेवर असल्या की मी दिवसभर पाणी प्यायचो नाही हेही खरं. शिवाय ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांनाही ते कुलूपबंदच मिळत होतं. एका माणसाच्या चांगुलपणावर चाललेली ही सोय होती. तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

समुपदेशन केंद्राबद्दल लिहायला हवं कारण तिथं बरेच जण आधी जातात. मीही गेलो होतो, बी.एस्सी.ला असताना, एका कॉलेजच्या केंद्रात. "हॉस्टेलमधल्या मैत्रिणींच्या संगतीनं असं वाटायला लागलंय का?" हा तिथला दुसरा प्रश्न होता. नंतर ध्यान, योगासनं, 'लग्नानंतर फरक पडतो' वगैरे. मी पुन्हा गेलो नाही. कुणी तुम्हाला 'बरं' करायची भाषा बोलायला लागलं, तर एवढं माहीत असू द्या: असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलेलं आहे. नीट वागवणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्मोनचे डॉक्टर तोंडी माहितीवरच सापडतात. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून. अशा संस्थांकडं विचारावं. मला माझे डॉक्टर एका वयानं मोठ्या ट्रान्स मित्राकडून कळले. नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं.

आमचा एक गटही होता. अधिकृत असा काही नाही. गे मुलं, लेस्बियन मुली, एक-दोन बायसेक्शुअल, मी आणि एक ट्रान्स मुलगी. गेटाबाहेरच्या टपरीवर भेटायचो. मुंबईच्या आयआयटीत 'साथी' नावाचा गट २०११ पासून आहे हे ऐकून आम्हालाही हुरूप आला आणि आम्ही विद्यापीठाकडं सभागृह मागितलं. एलजीबीटी (म्हणजे आम्ही सगळेच) हा शब्द अर्जात बघून तो अर्ज टेबलाटेबलांवर फिरत राहिला. मग आमच्यातल्या एका हुशार मुलीनं डोकं लढवलं. प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिनं वर्षभरात जाणीवजागृतीचे कार्यक्रम करायचे असतात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५चे लैंगिक छळ प्रतिबंधाचे विनियम वाचलेत तर त्यात तृतीयपंथी विद्यार्थ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आम्ही समितीच्या अध्यक्षांना जाऊन म्हणालो, तुमचा कार्यक्रम आम्ही करून देतो. सभागृह मिळालं, माईक मिळाला, चहा-बिस्किटंसुद्धा समितीच्या खर्चातून. व्याख्यानाचं नाव होतं 'लिंगभाव आणि कायदा'. फलकावर एलजीबीटींची खूण असलेलं इंद्रधनुष्य नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नाही. माणसं खच्चून आली होती.

याच गटात रॅगिंगचंही कळलं. यूजीसीनं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती करून लिंगओळख आणि लैंगिक कल यांवरून होणारा छळ, त्यात वाळीत टाकणंसुद्धा, रॅगिंग ठरवला. आमच्यातल्या एका मुलाला हॉस्टेलमध्ये रोज रात्री दार वाजवून हाका मारायचे. त्यानं १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनला फोन केला. रेक्टरना वरून विचारणा झाली आणि दार वाजायचं थांबलं. तक्रारीत त्याला आपण गे आहोत असं कुठं लिहावं लागलं नाही, 'लैंगिक कलावरून चिडवतात' एवढं पुरलं. घरी कळेल या भीतीनं मुलं तक्रार करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता कागद.

याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४चा नालसा निकाल आहे. आपलं लिंग कोणतं हे सांगायचा हक्क ज्याचा त्याला, असं त्यात म्हटलं गेलं. पुढं २०१९चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियम आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारचं पोर्टल सुरू झालं. तेव्हा पोर्टलवर अर्ज करायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळायचं. फी नव्हती. या पहिल्या टप्प्यावर तेव्हा कुठलीही वैद्यकीय तपासणी नव्हती, हे नियमांतच लिहिलं होतं. तरी कुणी 'डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा' म्हणालं की मी नियमांची प्रत पुढं करायचो. मी ती प्रत वर्षभर सॅकमध्येच ठेवली होती, शेवटी घडीवर फाटली.

प्रतिज्ञापत्रासाठी शिवाजीनगर कोर्टापाशी गेलो. स्टॅम्प पेपर घेताना विक्रेता विचारतो, "कारण?" मी म्हणालो, नावबदल. टायपिंग करणारे काका मात्र चांगलेच वयस्कर होते. मी पोर्टलवरचा नमुना दिला. त्यांनी चष्मा वर सरकवून पूर्ण वाचला, अगदी 'जन्मतः नोंदवलेल्या लिंगाशी माझी लिंगओळख जुळत नाही' इथपर्यंत. मला वाटलं, आता आजूबाजूला चार जण गोळा होणार. काका म्हणाले, "नावाचं इंग्रजी स्पेलिंग कसं घालू? एकच ठरव आणि मरेपर्यंत तेच ठेव. एक ए जास्त पडला ना, तर बँकेपासून पासपोर्टपर्यंत फेऱ्या मारशील." या सगळ्या प्रवासातला सर्वांत उपयोगी सल्ला हाच. मी तिथंच पेनानं स्पेलिंग लिहून दिलं आणि आजतागायत तेच आहे.

अर्ज करताना पत्ता कुठला द्यायचा यावर बराच खल झाला. गावचा पत्ता दिला तर चौकशीचा फोन किंवा माणूस घरी जाईल, तलाठ्यापासून गावभर कळेल. मी पुण्यात कितीतरी वर्षं राहत होतो, खोलीचा भाडेकरार होता, म्हणून पुण्याचाच दिला. ज्यांचं घरी माहीत नाही त्यांनी या मुद्द्यावर शांतपणे विचार करावा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रमाणपत्र ३० दिवसांत मिळायला हवं होतं. माझं त्याहून लांबलं. दर आठवड्याला पोर्टलवरची स्थिती बघायची, स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, मग कार्यालयात जाऊन 'साहेब, बघा ना' म्हणायचं, असं चाललं होतं.

आई-वडिलांना मी अर्ज टाकायच्या आधी सांगितलं. आई रडली आणि नंतर बरेच दिवस फोनवर फक्त जेवणाचं विचारत राहिली. वडील एस.टी.त होते, कागदांतला माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मधलं नाव काय लावणार?" मी म्हणालो, तुमचंच. त्यावर ते उठून बाहेर गेले. पुढच्या महिन्यात राजपत्राचा, म्हणजे सरकारी गॅझेटात नावबदल छापून आणायचा, अर्ज भरायला मात्र स्वतः पुण्याला आले आणि जुनं नाव, नवं नाव, आडनाव कुठल्या रकान्यात येतं ते त्यांनीच तपासलं. आमच्यात यावर एवढंच बोलणं झालं.

राजपत्र लागतंच का? तेव्हाच्या कायद्यानं बघितलं तर जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पुरेसं असायला हवं होतं, त्यावर नाव बदलून मिळायचं. पण महाराष्ट्रात नावबदल म्हटलं की कारकुनाच्या डोळ्यांपुढं राजपत्रच येतं, कारण लग्नानंतर नाव बदलणाऱ्या बायका पिढ्यान्पिढ्या तेच आणून दाखवतात. वाद घालण्यापेक्षा मी तेही करून घेतलं. अर्ज ऑनलाइन होतो. यात एक गोष्ट खुपते. राजपत्र सार्वजनिक असतं, जुनं आणि नवं नाव शेजारीशेजारी छापून कायमचं राहतं. ज्यांना जुन्या नावाचा माग ठेवायचा नाही त्यांनी प्रमाणपत्रावर भागतंय का ते आधी पडताळावं.

पहिल्या प्रमाणपत्रावर तेव्हा लिंगाच्या जागी 'ट्रान्सजेंडर' यायचं. काहींना तेच हवं असतं. मला 'पुरुष' हवं होतं, त्यासाठी सुधारित प्रमाणपत्राचा दुसरा अर्ज लागायचा. इथं अडायचं. कायद्यात शस्त्रक्रिया असा शब्द होता. नियमांत मात्र वैद्यकीय उपचार असं म्हटलं होतं आणि त्यात समुपदेशन, हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया या सगळ्यांचा समावेश केला होता. माझी शस्त्रक्रिया झालेली नव्हती, खर्चच झेपणारा नव्हता. मी रुग्णालयाच्या अधीक्षकांचं हार्मोन उपचारांचं पत्र जोडलं. ज्या कार्यालयात अर्ज होता तिथले कर्मचारी म्हणाले, ऑपरेशनचा कागद नाही, नामंजूर होईल. मी सॅकमधली प्रत काढली, त्या व्याख्येवर पिवळा हायलायटर मारलेलाच होता. त्यांनी वाचलं, आत घेऊन गेले. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "झेरॉक्स द्या याची, फाईलला लावतो." मंजूर झालं. याच मुद्द्यावर अर्ज परत आलेली मुलंही मला माहीत आहेत, तेव्हा माझं झालं म्हणून सगळ्यांचं होईल असं म्हणवत नाही.

आधार कार्डाची घाई करू नका. आधारवर लिंग एकदाच बदलता येतं, नाव दोनदा. पहिलं प्रमाणपत्र हातात पडताच माझ्या ओळखीच्या एकानं आधारवर 'ट्रान्सजेंडर' करून घेतलं. पुढं 'पुरुष' करायची वेळ आली तेव्हा त्याची मोठी पंचाईत झाली. म्हणून सुधारित प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर ते येईपर्यंत थांबा, मग आधार, मग पॅन, बँक. पॅनचं काम त्या मानानं लवकर होतं.

आणि मग शैक्षणिक कागद, म्हणजे खरी डोकेदुखी. तेव्हाचे नियम सांगत होते की प्रमाणपत्र दाखवून अर्ज केल्यावर संबंधित कार्यालयानं १५ दिवसांत कागद बदलून द्यावा आणि त्याचा जुना क्रमांक तोच ठेवावा. कागदांच्या यादीत दहावी-बारावीची प्रमाणपत्रंही होती. प्रत्यक्षात विद्यापीठ म्हणालं, आमची नोंद बारावीच्या गुणपत्रिकेवरून झालीय, आधी ती बदलून आणा. दहावी-बारावीचं शिक्षण मंडळ म्हणालं, शाळेमार्फत प्रस्ताव यायला हवा. शाळा म्हणाली, शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमध्ये बदल होत नाही, माध्यमिक शाळा संहितेत तसं आहे. तिघंही आपापल्या परीनं पुस्तकात बघूनच बोलत होते. शाळेतले क्लार्क तर माझ्या वडिलांना ओळखणारे. दाखला हातात धरून म्हणाले, "पोरा, मी शाई लावली आणि उद्या ऑडिटला कुणी विचारलं, तर माझं पेन्शन अडकंल." त्यांना खोटं कसं पाडायचं?

तिढा सोडवायला एका वकील मैत्रिणीनं सांगितलं ते असं. साखळीच्या टोकाला जाऊन बसू नकोस, प्रत्येक कार्यालयाला स्वतंत्र लेखी अर्ज दे. अर्जात कायदा, नियम आणि १५ दिवसांची मुदत लिही. पोच म्हणून आवक क्रमांक घे. 'तुम्ही देत नसाल तर लेखी नकार द्या' हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. लेखी नकार द्यायला कुणालाच आवडत नाही. विद्यापीठाच्या पात्रता विभागात असा अर्ज दिल्यावर पहिल्यांदाच फाईल तयार झाली, तोवर नुसती तोंडी टोलवाटोलवी होती.

त्या विभागात एक कक्ष अधिकारी मॅडम होत्या, निवृत्तीला आलेल्या. ट्रान्स वगैरे काही त्यांना आधी ठाऊक नव्हतं आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण फाईल कशी हलते हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसावं. त्या म्हणाल्या, "तू लिंग आणि नाव एकाच अर्जात मागितलंस, म्हणून ती विधी विभागात गेली. आमच्याकडं नावबदलाची पद्धत आहे, तिची टिप्पणी मी वेगळी टाकते. लिंगाचं मत येईल तेव्हा येईल. गुणपत्रिकेवर लिंग छापतच नाही, मग तिच्यासाठी कशाला थांबायचं?" असं त्यांनी दोन फायलींत काम फोडलं. तिसऱ्या सेमिस्टरच्या हॉल तिकिटावर नवं नाव आलं, नवा फोटो आला. टाचलेलं पत्र काढून ठेवलं.

लिंगाच्या नोंदीला वेळ लागला. दरम्यान २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका ट्रान्स माजी विद्यार्थ्याच्या याचिकेत संबंधित शिक्षणसंस्थेला नवं नाव आणि लिंग घालून कागदपत्रं द्यायला, आणि वेबसाइटवरच अशा बदलाची सोय ठेवायला सांगितलं. ती बातमी आणि आदेशाची प्रत मी त्याच दिवशी विधी विभागात नेऊन दिली. त्यानंतर मत आलं, 'हरकत नाही'. बी.एस्सी.च्या सगळ्या गुणपत्रिका जमा करून नव्या मिळाल्या, कायम नोंदणी क्रमांक तोच राहिला. जुन्या जमा करायच्या आधी त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. कुठल्या तरी शिष्यवृत्तीच्या किंवा नोकरीच्या पडताळणीत दोन नावांचा दुवा मागतातच, आणि तेव्हा मूळ प्रत विद्यापीठाच्या गोदामात गेलेली असते.

दहावीचं प्रमाणपत्र अजून जुन्याच नावानं आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडं प्रस्ताव गेलाय. नोकरीच्या अर्जाला मी ते, जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणि राजपत्र एकत्र जोडतो. मुलाखतीत विचारतात. मी सांगतो. एका ठिकाणी बाईंनी 'अच्छा' म्हणून पान उलटलं आणि टायट्रेशनवर प्रश्न विचारला, तेव्हा फार बरं वाटलं.

हॉस्टेलचं मात्र आम्हाला काहीच जमलेलं नाही. एम.एस्सी.ला आलो तेव्हा मुलींच्या हॉस्टेलमध्ये माझं राहणं शक्य नव्हतं, आणि मुलांच्या हॉस्टेलला कागद लागत होता. कागद आला तेव्हा कोर्स संपत आला होता. तोवर मी भाड्याच्या खोलीत राहिलो आणि घरून येणाऱ्या पैशांतले निम्म्याहून जास्त तिकडं गेले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत २०१७ पासून लिंगनिरपेक्ष हॉस्टेलची सोय झाली, हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठानं २०२२ मध्ये वसतिगृहाचा तळमजला त्यासाठी दिला. दोन्ही ठिकाणी नवी इमारत बांधावी लागली नाही, असलेल्यातलीच जागा दिली. आमच्या गटानं तेच मागितलं: अतिथीगृहाच्या मागच्या बाजूच्या, स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या चार खोल्या ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा. उत्तर आलंय, 'बाब विचाराधीन'. यंदा लातूरकडची एक ट्रान्स मुलगी पहिल्या वर्षाला आलीय. तिला मुलांच्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली होती, तिनं ती घेतली नाही. सध्या ती आमच्यातल्या एका मुलीच्या खोलीवर आहे आणि घरमालकीणबाईंना ती मावसबहीण वाटते.